कॅमेऱ्याच्या पाठीमागची खुर्ची

कॅमेरा लावला की घर चोरांपासून सुरक्षित राहील, हे काशीराम परब लोकांना सांगायचे. त्यांचा खरा हेतू वेगळा होता. त्यांना समोरच्या उत्तराबाईंच्या उपकारातून सुटायचं होतं.

दिंडोशीच्या वसाहतीत एकाच मजल्यावर दोघांची दारं समोरासमोर. परब मंडळी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला, मालवणकडच्या गावी जात. दोन्ही वेळा किल्ली उत्तराबाईंकडे असायची. कारण परबांच्या घरात एक नियम होता: घर बंद असलं तरी देवापुढे रोज दिवा लागलाच पाहिजे. नियम वनमालाबाईंचा, म्हणजे काशीरामांच्या बायकोचा. त्यामुळे त्यावर चर्चा होत नसे.

या दिव्यापायी काशीरामांचं बरंच काही अडकून पडलं होतं. गावाहून येताना बाकीच्या शेजाऱ्यांना सुका जवळा दिला की भागायचं. उत्तराबाई शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी वेगळी बांधून आणावी लागे. शिवाय घराबद्दलचा अहवाल ऐकावा लागे. ‘परब, तुमच्या मोरीतला नळ टपकतो हो.’ ‘परब, पंख्यावर जळमटं आहेत.’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे उत्तराबाईंची शू-रॅक. ती पॅसेजमध्ये अशी उभी होती, की परबांचं सेफ्टी डोअर पूर्ण उघडत नसे. सोसायटीच्या सभेत हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा काशीराम छताकडे बघत बसले. ज्या बाईकडे आपल्या घराची किल्ली आहे, तिच्या चपलांबद्दल बोलणार कसं?

उत्तराबाईंनाही या किल्लीतून काही मिळत होतं. पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचा मुलगा केयूर आणि सून शर्मिष्ठा दोघंही घरून काम करत. केयूर बेडरूममध्ये, शर्मिष्ठा हॉलमध्ये, आणि उत्तराबाई जिथे जागा उरेल तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात, स्टुलावर. दुपारी मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. सून वाईट नव्हती. ती फक्त एक बोट वर करायची, म्हणजे ‘आई, कॉल चालू आहे’. दिवसभरात ते बोट बरंच वर व्हायचं.

परब गावाला गेले की उत्तराबाई दुपारची जेवणं आटोपून ‘दिवा लावून येते’ म्हणून निघायच्या आणि चहाच्या वेळेला परत यायच्या. एक दिवा लावायला एवढा वेळ का लागतो, हे घरात कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्या जाण्यानं सगळ्यांचीच सोय होत होती. समोरच्या घरात त्या दिवा लावायच्या, गॅलरीजवळच्या खुर्चीत बसायच्या, पाय टीपॉयवर टाकायच्या आणि काहीही करायच्या नाहीत. नवरा गेल्यापासून एकटं बसायला त्यांना दुसरी जागा नव्हती. वर्षात मिळणाऱ्या या थोड्या दुपारींवर त्या बाकीचं वर्ष काढायच्या.

गणपतीच्या आधी काशीरामांच्या मुलानं, हर्षदनं, कॅमेरा आणला. मुठीएवढा, पांढरा, गोल डोक्याचा. हर्षद अंधेरीला एका ऑफिसात संगणक विभागात होता, त्यामुळे हे काम चुटकीसरशी होईल असं त्याला वाटलं. त्यात रविवारची सकाळ गेली.

“बाबा, फोनवर हा चौकोन आलाय ना, तो कॅमेऱ्यासमोर धरा. हलवू नका.”

“हलवतंय कोण?”

“तुमचा हात.”

“हात माझा नाही हलत, तुझं वायफाय हलतंय.”

खरं तर वायफायचीच भानगड होती. घरात एकाच वायफायची दोन नावं दिसत होती आणि हर्षद कॅमेऱ्याला वेगवान नावाला चिकटवायला बघत होता. कॅमेऱ्याला ते पेलत नव्हतं. शेवटी हळूवालं नाव दिल्यावर कॅमेऱ्यातली बाई इंग्रजीत ‘जोडणी झाली’ असं म्हणाली आणि फोनवर परबांचा हॉल दिसायला लागला. हॉलमध्ये काशीराम फोनकडे बघत होते आणि फोनमध्येही काशीराम फोनकडे बघत होते.

मग जागेचा प्रश्न आला. हर्षदला देव्हाऱ्याशेजारची फळी आवडली होती.

“ह्येचा तोंड देवाकडे करू नको हां,” वनमालाबाई म्हणाल्या.

“आई, दरवाज्याकडे तोंड आहे. आणि हे बघ, फोनवर बोट फिरवलं की डोकं फिरवतो. गावाहून सगळं घर बघायचं. बोलायचंसुद्धा, आपला आवाज इथे येतो.”

“आणि तो दिवो लावतलो काय?”

त्याचीही सोय हर्षदनं केली होती. विजेवरचा, ज्योत हलल्यासारखी दिसणारा दिवा. वनमालाबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. देवाला चालेल की नाही याचा निर्णय त्यांनी देवावरच सोडला.

पुढचे दोन-तीन दिवस काशीराम खूश होते. फोन सारखा टुणटुणायचा: हालचाल दिसली. कधी कॅलेंडर उडायचं, कधी पाल जायची, कधी ते स्वतःच पाणी प्यायला उठायचे. महिन्याची सभा नेमकी त्याच आठवड्यात आली. शू-रॅकचा विषय निघाल्यावर या वेळी काशीराम छताकडे न बघता उभे राहिले आणि पॅसेज सर्वांचा असतो, आग लागली तर माणूस बाहेर कसा पडणार, अशी चांगली दोन-चार वाक्यं बोलले. ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी केयूरनं रॅक घरात ओढून घेतली. ती स्वयंपाकघरात, स्टुलाशेजारी गेली.

निघायच्या सकाळी काशीराम दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, या वेळी तुम्हाला त्रास नाही. कॅमेरा लावलाय ना. दिवाही विजेवरचा आहे.”

“अरे वा,” उत्तराबाई म्हणाल्या. “म्हणजे किल्ली नको ठेवायला.”

“नको. किती वर्षं तुम्हाला त्रास द्यायचा?”

“त्रास कसला.” एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मग परबांनी घर बंद केलं. म्हणजे नेहमीसारखं. वनमालाबाईंनी गॅसचा रेग्युलेटर काढला, खिडक्यांना खिट्ट्या घातल्या, शिळं दूध खाली कुत्र्याला दिलं. काशीरामांनी सगळ्यांना बाहेर काढलं, बूट घातले आणि शेवटचं काम केलं. स्टुलावर चढून विजेचं मेन स्विच खाली पाडलं. घर सोडताना मेन बंद करायचं हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि वडिलांना गिरणीच्या खोलीत राहणाऱ्या काकांनी. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं.

पनवेलच्या अलीकडे बसमध्ये त्यांनी घर बघायला फोन उघडला. कॅमेरा बंद.

“रेंज नसेल,” हर्षद म्हणाला.

गावी पडवीच्या डाव्या खांबाशी उभं राहिलं की रेंज यायची. तिथेही कॅमेरा बंदच. हर्षदनं ॲप काढून परत घातलं. काशीरामांना चोर दिसायला लागले. चोरानं आधी कॅमेराच फोडला असेल तर? इकडे गणपतीची आरास चालली होती आणि घरचा कर्ता खांबाला टेकून उभा होता. शेवटी त्यांनी तो फोन लावला, जो लावावा लागू नये म्हणून एवढं सगळं केलं होतं.

“वहिनी, कॅमेरा बंद दाखवतोय. जरा आमचं कुलूप आहे का बघता?”

“आहे.”

दुसऱ्या दिवशी परत. “वहिनी, कुलूप?”

“आहे, परब. काल होतं तेच आहे.”

गणपती बसले, तरी फोन चालूच. वनमालाबाईंनी वेगळीच आघाडी उघडली: म्हणजे घरात दिवोही नाय. ऐन चतुर्थीला देव अंधारात. चौथ्यांदा फोन आला तेव्हा उत्तराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मागे शर्मिष्ठाचं बोट वर होतं.

“परब,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही मेन बंद करून गेला असाल.”

“कशावरून?”

“दरवर्षी करता. मीच येऊन चालू करते, आणि तुम्ही यायच्या आदल्या दिवशी बंद करून ठेवते. पंखा लागतो हो मला.”

हे त्यांच्या पहिल्याच फोनला लक्षात आलं होतं. पण पहिल्या फोनला त्यांना फक्त कुलपाबद्दल विचारलं होतं.

काशीरामांचा पुतण्या निलेश गौरीविसर्जन करून घाटकोपरला कामावर परतणार होता. त्याच्याबरोबर किल्ली आली. सोबत सोलं, कुळीथ आणि फणसपोळी आली, या वेळी जरा जास्तच. निलेशनं पिशवी दारात ठेवली आणि निरोप सांगितला: मेन तेवढं वर करा, आणि काकी म्हणते विजेच्या दिव्याचं काही खरं नाही, जमलं तर खरा लावा.

उत्तराबाईंनी दुपारची जेवणं आटोपली. “दिवा लावून येते,” म्हणून निघाल्या.

मेन वर केलं तसा पंखा फिरू लागला, वायफायचे दिवे लुकलुकले, कॅमेऱ्यातली बाई एकटीच काहीतरी बोलली. उत्तराबाईंनी कॅमेऱ्याकडे नीट बघितलं. त्या काही भोळ्या नव्हत्या. तोंड दरवाज्याकडे होतं. गॅलरीजवळची खुर्ची त्याच्या पाठीमागे येत होती. त्यांनी वात लावली, नमस्कार केला आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागून जाऊन बसल्या. अंबाडा सोडला. पाय टीपॉयवर टाकले.

गावी खांबाशी काशीरामांच्या फोनवर हॉल उगवला. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी आतून वनमालाबाईंना हाक मारून आणलं. दरवाजा दिसला, दाराची आतली कडी दिसली. मग गॅलरीची खिडकी नीट लागलीय का बघावं म्हणून त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मुंबईत, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, कॅमेऱ्याचं डोकं कुरकुर करत मागे वळलं.

खुर्चीत उत्तराबाई होत्या. झोपलेल्या नव्हत्या. हातात पोथी नव्हती, फोन नव्हता. केस मोकळे, डोळे उघडे, समोर कुठेच बघत नव्हत्या. इतक्या वर्षांत काशीरामांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना जरा भरून आलं. बाईंनी आपल्या घरात टेकावं याचा त्यांना आनंद झाला, शू-रॅकबद्दल थोडं अपराधीही वाटत होतं, आणि त्या भरात त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

“बसा, वहिनी, निवांत बसा. चहा करून घ्या. साखर डाव्या डब्यात आहे.”

आवाज फळीवरून आला, मोठा आणि जरा फाटलेला. उत्तराबाईंचे पाय आधी खाली आले. मग हात केसांकडे गेले. त्यांनी अंबाडा बांधला, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या, जसं जिन्यात कुणी भेटलं की हसतात.

“नको हो, परब. निघतेच. दिवा लावलाय.”

त्या निघाल्या. दार बंद झाल्यावर फोन टुणटुणला: हालचाल दिसली.

“तुमका कोणी बोलूक सांगितलेलां?” वनमालाबाई म्हणाल्या.

“मी काय वायट बोललंय? च्या घेवा म्हटलंय.”

वनमालाबाई आत जाऊन मोदकांच्या पातेल्याशी बसल्या.

पुढच्या दिवसांत काशीरामांना रोज एकच चित्र दिसलं. उत्तराबाई येतात, वात लावतात, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून “लावला हो दिवा” म्हणतात, जातात. हजेरी लावल्यासारखं. खुर्ची तशीच. दोन दिवसांनी काशीरामांनी मुद्दाम फोन केला. “वहिनी, कॅमेरा बंद करून ठेवतो हवं तर. नाहीतर भिंतीकडे तोंड करतो.”

“कशाला? असू दे की, घराला बरा असतो.” मग त्या म्हणाल्या, “आणि भिंतीकडे केला तरी तो वळतो ना, परब.”

गावाहून परतल्यावर काशीराम मोरीतल्या नळाबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले. अहवाल आला नाही. मे महिन्यातही तेच झालं. किल्ली उत्तराबाईंकडे, दिवा वेळेवर, काम झालं की दाराला कुलूप. दुपारी दोन-तीनदा त्या बागेपर्यंत जाऊन आल्या. बाग दुपारी बंद असते. मग त्या आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसू लागल्या, शू-रॅकशेजारी.

जमाखर्च बघायचा तर हर्षदचा कॅमेरा झकास चालतो. त्यानं अजून एकही चोर पाहिलेला नाही, पाल मात्र रोज दिसते. वनमालाबाईंचा दिवा एकाही दिवशी चुकला नाही. शर्मिष्ठाचे कॉल चालू आहेत. काशीरामांना घर केव्हाही बघता येतं आणि शेजारणीचा उपकार होता तसाच डोक्यावर आहे, म्हणजे त्यांचं गेलं काही नाही, आलंही काही नाही. या सगळ्याची किंमत एकट्या उत्तराबाईंनी भरली, आणि चहा तर त्या प्यायल्याही नाहीत.