दूरच्या ग्रहाला दिलेला शब्द

मित्रांनो, टेबलाखाली, जिथे बसणाऱ्याचे पाय येऊन आदळतात, तिथे उभा असलेला जुना संगणक म्हणजे मी. दुकानातल्या कारागिराने सुटे भाग जोडून मला घडवलं. ज्यांच्या घरी मी आलो, ते बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत. माझ्यावरही ते तेच काम करत. मग एकदा त्यांच्या मुलीने माझ्यात एक खेळ घातला. अंतराळात साम्राज्य उभारायचा. तेव्हापासून संध्याकाळी बापलेक खुर्चीला खुर्ची लावून बसू लागली.

यात एवढं काय आहे, हे मला आधी कळेना. काळा पडदा, तारे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. पण हळूहळू मीही गुंतलो. इथे प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा. जहाजं निघाली की पोचेपर्यंत कितीतरी डाव जात आणि वाटेतल्या जहाजांना माघारी बोलावता येत नसे. शेतीचं ज्ञान आधी मिळवलं तर तोफा मागे पडत. जिथे आपलं टेहळणी जहाज गेलं नाही तिथे नुसता अंधार, आणि त्या अंधारात कोण बळावतंय याचा पत्ता नाही. शेजारची साम्राज्यं तर काहीच विसरत नसत. एकदा शब्द मोडलात की पुन्हा कुणी दारात उभं करत नसे.

बाबांचा चहा गार व्हायचा.

"बाबा, सरकवा ना डाव पुढे!"

"थांब गं. तिथे माणसं राहतात."

"पडद्यावरची!"

"मग? पाठवलं कुणी त्यांना तिथे? आपणच ना?"

काम झालं की बाबा माझ्या पाठीवर थोपटत आणि म्हणत, "गडी कधी कुरकुरत नाही." मला फार बरं वाटायचं.

पुढे मुलगी नोकरीसाठी दूर गेली. बाबा एकटेच खेळत राहिले. मग त्यांचं आजारपण आलं आणि माझ्यावर एक जुनी चादर पडली. ती निघाली तेव्हा बाबा नव्हते.

चादर मुलीने काढली. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं.

"ताई, याची हार्ड डिस्क गेल्यात जमा आहे. फोटो मी काढून दिलेत. आता फार तर एकदा चालू होईल."

"आणि तो खेळ? नव्या मशीनवर?"

"एवढा जुना? नाही चालायचा."

तो गेल्यावर तिने मला चालू केलं. हात पुसत आई आली आणि पहिल्यांदाच शेजारच्या खुर्चीत बसली. बाबांचा शेवटचा डाव उघडला आणि मुलगी दचकली.

"राजधानीत एकही जहाज नाही! शत्रू सीमेवर आलाय आणि घर मोकळं? बाबा असं कधीच करायचे नाहीत."

ती शोधत राहिली. माझ्या पोटात खरखर सुरू झाली होती. मग तिला सापडलं.

"या दूरच्या ग्रहावर एक छोटं साम्राज्य आहे. तुमच्यावर चाल आली तर आम्ही येऊ, असा बाबांनी त्यांना शब्द दिला होता. चाल आली. म्हणून बाबांनी होती नव्हती ती जहाजं तिकडे पाठवली."

"पोचली?"

"वाटेत आहेत."

आई म्हणाली, "शब्दाचे पक्के. गावभराचं पाणी सांभाळलं, घरच्या मोरीतला नळ तेवढा गळत राहिला." दोघी हसल्या.

खरखर वाढली. मुलीने हात मागे घेतला. प्रत्येक डावाला आधीचा डाव पुसला जाई आणि त्या जागी मला नवा लिहावा लागे.

"आई, इथेच थांबूया का? निदान बाबांनी ठेवलंय तसं राहील."

"तसं म्हणजे वाटेतच ना?"

मुलीने डाव पुढे सरकवला. जहाजं थोडी पुढे गेली. शत्रूही राजधानीकडे सरकला. पुन्हा एक डाव. पडदा गोठला, थरथरला, परत आला. मी तापलो होतो. डिस्कवरच्या खराब जागा चुकवत एकेक अक्षर वेचत होतो. मुलीला पुढचं बटण दाबवेना.

"मी दाबू?" आईने विचारलं आणि दाबलंही.

पडदा काळा झाला. दोघींचे श्वास मला ऐकू येत होते. मित्रांनो, माझ्यात जे काही उरलं होतं ते मी त्या एका चित्राला लावलं. ते पट्ट्यापट्ट्यांनी उमटलं. छोटा ग्रह, आणि त्याच्याभोवती बाबांची सगळी जहाजं. खाली त्या छोट्या साम्राज्याची एक ओळ आली. आईने ती मोठ्याने वाचली, "तुमची जहाजं दिसली."

मग माझी डिस्क थांबली. तो डाव लिहून ठेवणं काही मला जमलं नाही. राजधानी वाचली की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

तरी दोघी उठल्या नाहीत. विझलेल्या पडद्यासमोर आई म्हणाली, "कोण गं हे लोक? यांची ओळख कशी झाली? पहिल्यापासून सांग." आणि मुलगी सांगू लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. यंत्रं कधीतरी बंद पडतातच. पण तुमच्या घरात कुणी एखाद्या गोष्टीत बुडून गेलेलं दिसलं, तर दारातूनच "काय चाललंय एवढं?" असं विचारून जाऊ नका. एक खुर्ची ओढा आणि बसा. ते माणूस सांगायला तयार असतं.