ओला आवाज

न्हाणीघरात खिळ्याला टांगलेली शिट्टी. तिच्यातून एक थेंब पडता पडत नाही.

टीव्हीवर एक उंच मुलगा उडी मारतो आणि खाली यायचं विसरतो.

हात हातावर पडला तर आवाज ओला येतो, चेंडूवर पडला तर पोकळ.

"किती मिळाले रे?"

हे विचारणारी ताई. चपलाही न काढता ती दारात उभी होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे कालच्या बास्केटबॉल सामन्याचा पंच, टीव्हीचा आवाज बंद करून खाटेवर पडला होता. बाद फेरीतला शेवटचा क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते. ताईच्या लाडक्या संघाचा मुलगा समोरच्याचा चेंडू अडवायला हवेत उडतो, आणि पंचाची शिट्टी. फाऊल. समोरच्याला दोन फ्री थ्रो, ताईचा संघ घरी. पंच विकला गेला, असं सगळं शहर म्हणत होतं.

संध्याकाळी पंचमंडळ त्याला जाब विचारणार होतं. उत्तर पटलं तर अंतिम सामन्याचा पंच तोच.

"बघ, दोन हातांमधे बोटभर अंतर आहे," ताई म्हणाली. "पंचामुखी परमेश्वर म्हणतात. तुझ्या मुखी नुसती शिट्टी!"

"मधे एकाची पाठ आली गं. मी ऐकलं."

"फाऊल काय कानाने देतात?"

"चांगले पंच देतात."

मुलगा पुन्हा वर निघाला, पाण्याखालून निघाल्यासारखा संथ. पंचाचे डोळे जड झाले. त्याच्याबरोबर खाट उचलली गेली, खुर्ची उचलली गेली, चपलांसकट ताईही तरंगू लागली. सगळं सभागृह श्वास रोखून. हात चेंडूपाशी पोचला आणि आवाज आला. ओला.

तो ताडकन उठून बसला. खोली धपकन खाली आली. टीव्ही तर मुका होता.

ताईचे तळवे एकमेकांना चिकटलेले होते. तिची जुनी खोड: आपला गडी उडाला की चेंडू अडायच्या आधीच एक टाळी.

"पुन्हा वाजव."

"काय?"

"टाळी."

तिने वाजवली. मग दोघंही तिच्या हातांकडे बघत राहिले.

"मी तर नेहमीच..." ताई म्हणाली. मग हळूच, "म्हण ना, हात लागलेला पाहिला म्हणून. कोणाला कळतंय?"

"आत्ता तर मला चोर म्हणत होतीस."

"चोर असतास तर बरं होतं रे. भांडता तरी आलं असतं."

संध्याकाळी तो मंडळासमोर म्हणाला, "मी पाहिलं नव्हतं." टाळीचं नाव काढलं नाही. अंतिम सामना दुसऱ्याला गेला.

कालच्या सामन्याचं ताईचं तिकीट त्यानेच काढून दिलं होतं. बास्केटच्या मागे, तिसरी रांग.