ढगफोड्याला मारणारी उशी

मित्रांनो, ढगफोड्याला आजवर जेवढे ठोसे बसले, ते सगळे मी मारले आहेत. दचकू नका. मी राक्षसीण नाही की डांबरराणीच्या फौजेतली शिपाई नाही. मी एक जुनी कापसाची उशी आहे. अंगाने जाड आहे, आणि लोक म्हणतात की स्वभावानेही जरा फुगीर आहे.

ढगफोड्या तुम्हाला माहीत असेलच. जांभळा झगा घालून ढगांतून आरपार जाणारा, आकाशाला डांबर फासायला निघालेल्या डांबरराणीशी दर रविवारी झुंजणारा टीव्हीवरचा कार्टूनवीर तो. त्याचं अंग चित्रकारांनी काढलं, पण त्याच्यात जीव ओतला तो आमच्या काकांनी. ढगफोड्याचा आवाज म्हणजे काकांचा आवाज. आणि काकांची उशी म्हणजे मी.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या दुकानात झाला. काकांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, समोर उभ्या राहून त्याला सांगत होत्या, "हात आखडता घेऊ नका, भरगच्च करा." गादीवाल्याने ते फारच मनावर घेतलं आणि दोन उशांचा कापूस माझ्या एकटीच्या पोटात कोंबला. पहिल्याच रात्री काकांची मान अवघडली. तीन दिवस त्यांना कुणी हाक मारली की ते सगळेच्या सगळे वळायचे. काकू म्हणाल्या, "उशी चांगली आहे. तुमची मान नाजूक आहे." काकांनी वाद घातला नाही. त्यांनी मला गुपचूप काखेत मारलं आणि स्टुडिओतल्या लाकडी खुर्चीत पाठीमागे टेकायला नेऊन ठेवलं.

तो स्टुडिओ म्हणजे एक छोटीशी खोली होती. भिंतींना राखाडी फोम, दार वीतभर जाड, मध्ये एक माइक. एका बाजूला मोठी काच आणि काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या ध्वनिमुद्रक ताई. ताईंच्या कानांतून काही सुटायचं नाही. बूट वाजतात म्हणून बाहेर काढायचे, किल्ल्या वाजतात म्हणून त्याही बाहेर ठेवायच्या. काका मोजे घालून उभे राहायचे. एकदा त्यांच्या पोटात कावळे ओरडले, तर ताईंनी आख्खं रेकॉर्डिंग थांबवून त्यांना आधी खाऊन यायला पाठवलं होतं.

आमच्या कार्टूनमध्ये एक गोष्ट जगावेगळी होती. इतर ठिकाणी कलाकार एकेकटे येतात, आपापली वाक्यं बोलतात आणि निघून जातात. काकांना ते मुळीच मान्य नव्हतं. "भांडण एकट्याने कसं करायचं?" असं ते विचारायचे. त्यामुळे डांबरराणीचा आवाज देणाऱ्या मावशींना त्यांच्यासमोर उभं राहावंच लागायचं. मावशी चणीने एवढ्याशा. त्या इतक्या मऊ बोलायच्या की दुकानदार त्यांना दोनदा "काय हवंय?" विचारायचा. पण माइकसमोर उभ्या राहिल्या की अशा गरजायच्या की माझ्या अंगावरचा अभ्रा थरथरायचा.

आता ठोशांचं सांगते. ढगफोड्याला मार बसला की त्याच्या तोंडून आवाज निघायला हवा. तो आवाज खरा वाटावा म्हणून काका स्वतःच्याच छातीवर बुक्क्या मारून घ्यायचे. छाती काळीनिळी झाली. काकूंनी विचारलं, "कुणाशी मारामारी करून आलात?" काका म्हणाले, "डांबरराणीशी." हे कळल्यावर मावशींना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोला, मारायचं काम माझ्याकडे द्या." त्यांनी आधी संवादांच्या कागदांची गुंडाळी वापरून पाहिली. कागद एवढे फडफडले की काचेपलीकडे ताईंनी कपाळाला हात लावला. मग मावशींची नजर खुर्चीतल्या माझ्यावर गेली.

माझा पहिला तडाखा काकांच्या पाठीवर बसला. काकांच्या तोंडून एक "अग्गगगं" निघालं. त्यात निम्मं दुखणं होतं आणि निम्मं हसू. ताई ताडकन उभ्या राहिल्या. "हाच! हाच पाहिजे होता मला." माझा "धप्प" असा आवाजही त्यात आला होता, तो काही केल्या वेगळा निघेना. शेवटी ताईंनी त्याच्यावर ठोशाचा मोठा आवाज चढवला. ढगफोड्याच्या कुठल्याही ठोशाच्या खाली कान देऊन ऐका, मी सापडेन तुम्हाला.

अशी एकोणीस वर्षं आम्ही मारामारी केली. काकांना मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यांनी दिग्दर्शकांचे आभार मानले, ताईंचे मानले, मावशींचे मानले. माझं नावही काढलं नाही. मी रात्रभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी काका आले, मला खुर्चीत नीट ठेवलं आणि म्हणाले, "तुझं तेवढं राहूनच गेलं बघ." माझा राग तिथेच मावळला.

खऱ्या आयुष्यात काका मुळीच वीर नव्हते. पाल दिसली की ते टेबलावर चढायचे. एकदा काकूंच्या सोबतीने ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथे एक छोटी मुलगी घाबरून रडत होती. काकांना राहवलं नाही. ते ढगफोड्याच्या आवाजात गरजले, "डॉक्टर! आधी माझा दात काढा!" मुलगी रडायची थांबली. डॉक्टरांनी काकांना खुर्चीत बसवून तोंड पाहिलं आणि त्यांना खरोखरच एक किडलेला दात सापडला. सुजलेला गाल घेऊन काका दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले आणि हा किस्सा मावशींना सांगताना इतके हसले की त्यांचा गाल आणखी दुखायला लागला.

मग तो भाग आला. त्यात डांबरराणी ढगफोड्याला आकाशातून खाली फेकते आणि तो एका खोल खड्ड्यात जाऊन आदळतो. काकांनी अकरा सेकंदांचं पडणं एका दमात रेकॉर्ड केलं. मी शेवटचा तडाखा दिला. काकांना धाप लागली होती. ते खुर्चीत बसले, मला पाठीशी घेतलं आणि म्हणाले, "आज पडून घेतलं. उठायचं उद्या करू." पहाटे ते झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी माइक सुरूच झाला नाही. मावशी आल्या, काकांच्या खुर्चीत बसल्या आणि मला मांडीवर घेऊन खूप रडल्या. कापूस पाणी फार पितो, मित्रांनो. त्या दिवशी माझं वजन नक्कीच वाढलं असेल. मलाही रडायचं होतं, पण उशीला ते जमत नाही. मी नुसती ओली होऊन पडून राहिले.

टीव्हीवर तो भाग खड्ड्यात आदळण्यापर्यंतच दाखवला गेला आणि मुलांची पत्रं येऊ लागली. खोकी भरली. काकांची आठवण येते असं सगळ्यांनी लिहिलं होतं, पण बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच प्रश्न होता. ढगफोड्या अजून खड्ड्यातच आहे का? एका मुलीने त्याच्यासाठी जखमेवर लावायची पट्टी पाठवली. एका मुलाने लांबलचक शिडीचं चित्र काढून पाठवलं आणि खाली लिहिलं, "खड्ड्यात सोडा." मावशींनी ते चित्र पाहून त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

माझं काय झालं ते ऐका. दिग्दर्शकांचा काकांवर फार जीव होता. त्यांनी मोठ्या आदराने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर पाटी लावली, "काकांची उशी. हात लावू नये." येणारे जाणारे माझ्यापुढे हात जोडायचे. सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चार महिन्यांत माझा कापूस गोळा झाला, अंगाला कुबट वास यायला लागला आणि पाया पडून घ्यायचाही कंटाळा आला.

अखेर टीव्हीवाल्यांनी निरोप पाठवला. महिनाअखेर भाग पुरा झाला नाही, तर कार्टून आहे तिथेच बंद करू. म्हणजे ढगफोड्या कायमचा खड्ड्यात पडून राहणार. मावशींनी लगेच फोन फिरवायला घेतले. त्यांनी धावपळ करून एक नवा कलाकार शोधला. ते रेडिओवर बातम्या द्यायचे, म्हणून सगळे त्यांना बातम्यावाले म्हणू लागले. गृहस्थ भारी मेहनती. त्यांनी काकांची सगळी जुनी रेकॉर्डिंग पाठ केली होती. डोळे मिटून ऐकलं तर काकाच बोलताहेत असं वाटायचं.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. खड्ड्यातल्या ढगफोड्याला डांबरराणी आणखी एक ठोसा मारून पाडते आणि मग तो उठतो, तेवढंच करायचं राहिलं होतं. माझं कपाट ताईंच्या पाठीमागेच होतं, त्यामुळे मोठ्या काचेतून मला सगळं दिसायचं. मारण्यासाठी एक नवीकोरी फोमची उशी आणली होती. लाल रंगाची. काकांची उशी दुसऱ्याला कशी वापरू द्यायची, असं सगळ्यांना वाटत होतं. तिच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. पण तिचा आवाज "फुस्स" असा यायचा, आणि तो लपवण्यासारखाच होता.

मावशींनी ती उगारली आणि बातम्यावाल्यांच्या पाठीला नुसती टेकवली. बातम्यावाल्यांनी काकांचं "अग्गगगं" अगदी हुबेहूब काढलं. त्यात निम्मं दुखणं होतं, निम्मं हसू होतं, आणि माप जराही चुकलं नव्हतं.

ताईंचा आवाज आला, "मावशी, तुम्ही मारताय की झोपवताय?"

दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. नवव्यांदा ताई म्हणाल्या, "आवाज काकांचाच आहे. पण कुणी पडल्यासारखं वाटतच नाही."

दिग्दर्शक घड्याळाकडे बघू लागले. मावशी खुर्चीत बसल्या. "माझ्याच्याने नाही होत," त्या म्हणाल्या. "त्या जागेवर दुसरं कुणी उभं आहे. मी मारू कुणाला?"

तेवढ्यात काकू आल्या. काकांचा कप, चष्मा आणि मला घरी न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. कपाटावरची पाटी त्यांनी वाचली, कपाट उघडलं, पिशवी सोडली आणि नाक मुरडलं. "उशी आहे की लोणचं? घट्ट बांधून ठेवली आहे ती." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी मला बाहेरच्या खिडकीत उन्हात टाकलं आणि वरून चार सणसणीत थापट्या दिल्या. चार महिन्यांनी मी श्वास घेतला. अर्धा तास मी ऊन खाल्लं. सगळे जण माझ्यासाठी थांबले होते, एवढं मात्र मी मुद्दाम सांगते.

मावशींची अडचण काकूंनी ऐकून घेतली. मग मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "हे घे. आणि त्यांना मारायचीस तशी मार."

मावशी मला धरून उभ्या राहिल्या. त्यांची बोटं माझ्यात रुतली. बातम्यावाले अदबीने म्हणाले, "मारा ना, मावशी. मला नाही लागणार."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या खुर्चीकडे बघत होत्या. "उठायचं उद्या करू म्हणालात ना?" त्यांचा आवाज फुटला. "मग आहात कुठे?" आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी असं भिरकावलं की मला स्वतःलाच भीती वाटली.

धप्प! माझी शिवण उसवली. खोलीभर कापूस उडाला. बातम्यावाले मागच्या मागे कोलमडले आणि खाली बसले. त्यांच्या तोंडून एक घोगरा, फाटका आवाज निघाला. पाठ केलेल्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हता. त्यांना खोकला आला. तोंडातला कापूस थुंकत, धापा टाकत ते कागदावरचं वाक्य बोलले. काकांना जे बोलायचं राहिलं होतं, ते हेच वाक्य.

"पडलो. थांब जरा, उठतो."

मावशींच्या केसांत कापूस होता आणि गालांवर पाणी होतं. पण त्या गरजल्या, "परत पाडीन!"

"पाड," ते उठत म्हणाले. "परत उठेन."

काचेपलीकडे ताईंनी काहीच थांबवलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढले आणि एवढंच म्हणाल्या, "उठला." मग दिग्दर्शक हसायला लागले, मावशी रडता रडता हसायला लागल्या, आणि बातम्यावाल्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते कापूस गोळा करायला लागले.

सगळ्यांचे डोळे काकूंकडे वळले. काकू म्हणाल्या, "ह्यांच्यासारखा नाही." बातम्यावाल्यांचा चेहरा उतरला. काकूंनी त्यांच्या खांद्यावरचा कापूस झटकला. "नसू दे. ह्यांच्यासारखे हे होते. तू तुझ्यासारखा उठलास, ते बरं केलंस."

मग त्यांनी मला मांडीवर घेतलं, उडालेला कापूस परत पोटात भरला आणि पर्समधल्या सुईने माझी शिवण घातली. दोरा काळा होता, मी पांढरी आहे. आता माझ्या कुशीवर एक लांबलचक व्रण दिसतो. मला तो फार शोभतो असं माझं मत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखाद्या लाडक्या माणसाची वस्तू असेल. त्यांचा चष्मा असेल, सायकल असेल, माझ्यासारखी एखादी उशी असेल. तिला जपा, पण कपाटात घालून जपू नका. तिला ऊन दाखवा, हातात घ्या, वापरा. फाटली तर मिळेल त्या दोऱ्याने शिवा. पाया पडून घ्यायला आम्हाला आवडत नाही असं नाही, पण कामाची मजा त्याला नाही.

काकू मला घरी न्यायला आल्या होत्या. जाताना त्यांनी कप घेतला, चष्मा घेतला आणि मला खुर्चीत ठेवलं. दारापाशी त्या मावशींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जोरात मारत जा गं. हळू मारलेलं ह्यांना कधीच आवडलं नाही."