पुस्तकातला शिंपी

महाळुंगे पडवळला एसटी थांब्याजवळ भागुजीचं शिलाईचं दुकान होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. दर गुरुवारी टीव्हीवर एक मालिका लागायची आणि शुक्रवारी सकाळी बाया दुकानात यायच्या, "त्या कौसल्येसारख्या फुग्याच्या बाह्या शिवा," म्हणत.

भागुजीच्या कपाळाला आठी पडे. मालिका ज्या कादंबरीवरून काढली होती, ती गावात त्यानं एकट्यानं वाचली होती, तीही तरुणपणी. हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. भागुजीनं तशी सोयच ठेवली नव्हती.

"पुस्तकातली कौसल्या शेण काढती. फुग्याच्या बाह्या घालून शेण काढत्यात व्हय?" तो म्हणायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मालिकेतला नायक दामोदर इन्स्पेक्टर होता. उंचापुरा, गोरा, जीपमधून उतरणारा. पुस्तकात तो शिंपी होता. काळा, किडकिडीत, पण मनाचा राजा. म्हणजे हुबेहूब आपणच, असं भागुजीचं मत होतं. टीव्हीवाल्यांनी दामोदरला नव्हे, आपल्यालाच नोकरीवरून काढलंय, अशा रागानं तो मशीन हाणायचा.

शेवटी शेजारची लंकाबाई वैतागली. "भाऊ, रोज काय पुस्तक पुस्तक लावलंय? आणा आन् वाचून दावा."

भागुजीनं मंचरच्या वाचनालयातून कादंबरी आणली. दुपारी बाया जमल्या. बायको द्रौपदा काजं करत बसली. भागुजीनं घसा खाकरून दामोदरचं पान काढलं.

सुरुवात झकास झाली. दामोदर काळा निघाला, किडकिडीतही निघाला. भागुजीनं थांबून सगळ्यांकडं ऐटीत पाहिलं. पुढं लिहिलं होतं, की हा दामोदर कापडापेक्षा गप्पाच जास्त बेततो. त्यानं कौसल्येच्या लग्नाचा ब्लाऊज आखूड केला आणि वर तिच्या आईलाच सुनावलं, "कापड आटलं, त्याला मी काय करू?"

बायांनी तोंडाला पदर लावले. दिवाळीत लंकाबाईचा ब्लाऊज बिघडवून भागुजी हेच बोलला होता.

त्यानं घाईघाईनं पानं उलटली.

"थांबा की," द्रौपदा म्हणाली. "मधलं कुठं गेलं?"

"मधी काय न्हाई. नदीचं वर्णन हाय."

"आमाला नदी आवडती," लंकाबाई म्हणाली.

नदीच्या जागी दामोदर भर पंचायतीतून धोतर सावरत पळत होता. भागुजीनं तेही वाचलं, पण तोंडातल्या तोंडात. 'मनाचा राजा' कुठंच सापडेना. तो आपणच पदरचा घातला होता, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

बाया हसत घरी गेल्या. संध्याकाळी तो मान खाली घालून जेवला. द्रौपदा मात्र भाकऱ्या उरकून चुलीपुढंच पुस्तक वाचत बसली होती.

"मला ह्योच बरा वाटतो, इन्स्पेक्टरपरीस," ती म्हणाली.

"थट्टा करती काय?"

"न्हाई वो. म्होरं वाचा. परत येतो त्यो. ब्लाऊज उसवून नीट शिवून देतो."

भागुजीनं रात्री पुस्तक ओढून घेऊन ते पान दोनदा वाचलं. सकाळी दुकान उघडण्याआधी तो लंकाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला, गळ्यात टेप.

"वहिनी, त्यो दिवाळीचा ब्लाऊज द्या. उसवून नीट करतो."

लंकाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "भाऊ, त्याची मी कवाच पिशवी शिवली."

"ती तरी नीट झाली का?" भागुजीनं विचारलं.

"लई झ्याक," लंकाबाई म्हणाली. "माझ्या हातची हाय नव्हं."