पाहुण्यासाठी केलेला रस्ता

साहेब येणार म्हटल्यावर वाडी अशी कामाला लागली, जणू पोरगी बघायला पाहुणेच येणार होते. मेढ्याच्या वर डोंगरात तीस उंबऱ्यांची ही वाडी. रस्ता नसलेल्या वाड्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव घालायचं की नाही, ते साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि या शहाण्यांनी काय करावं? चार दिवस खपून वाटेतले दगड काढले, खड्डे बुजवले, वर मुरूम पसरला. पाहुण्याची गाडी अडली तर वाडीची अब्रू जायची ना! त्यात धोंडुबाई सगळ्यांत पुढं.

सन्मती चौगुले साहेब सांगलीकडचे, शांत माणूस. त्यांची जीप थेट देवळापर्यंत आली. चहा पिऊन त्यांनी कागद काढला आणि लिहिता लिहिता म्हणाले, "रस्ता चांगला आहे की. गाडी आरामात आली."

धोंडुबाईसमोर तिची सून रेश्मा बसली होती, सातवा महिना लागलेली. दोन वर्षांपूर्वी माहेरी जायच्या आधीच तिला कळा आल्या. झोळीतून खाली नेताना ती वाटेतच बाळंत झाली आणि बाळ रडलंच नाही. ते सगळं आठवून धोंडुबाईला स्वतःचाच राग आला.

"आवं साहेब, ह्यो रस्ता तुमच्यासाठी केलाय. पावसात सगळा वड्याला जातोय. आमचा रस्ता दावते, चला."

तिनं शेजारच्या नाथाजीला झोळी आणायला लावली. एक बांबू आणि त्याला बांधलेलं घोंगडं.

"बसा ह्यात."

माणसं हबकली. साहेब मात्र चपला काढून मुकाट्यानं बसले. चौघांनी बांबू खांद्यावर घेतला. पहिल्याच उतारावर साहेबांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओढ्यापाशी उतरल्यावर त्यांनी परत कागद काढला. आधी लिहिलेली ओळ खोडून दुसरी लिहिली.

"काय लिवलं?" धोंडुबाईनं विचारलं.

"रस्ता नाही. आजारी माणसाला झोळीतून न्यावं लागतं." साहेबांनी कागद खिशात ठेवला. "पण मावशी, खोटं सांगत नाही. सुनेच्या बाळंतपणापर्यंत काही होणार नाही. मंजुरीलाच वर्ष-दोन वर्षं जातील."

"त्ये ठाव हाय. रेश्माला उद्याच म्हायेरी धाडतीया." धोंडुबाई घोंगड्याची घडी घालत म्हणाली. "पण तिला लेक झाली, तर ती पयल्या बाळंतपणाला हितंच यील. तवर तरी करा."