योसेफची नाइट शिफ्ट

नाशिकला कुसाबाई त्रिभुवनांच्या घरचा नाताळचा गोठा बघायला अख्खी गल्ली यायची. ती श्रद्धेने यायची की हसायला, हे कुसाबाईंनी कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला? चपला काढून येतात, वाकून बघतात, करंजी खाऊन जातात. झालं की.

गोठा होताही बघण्यासारखा. सिमेंटच्या गोणीचा कागद चुरगळून त्याला गेरू फासायचा, म्हणजे डोंगर तयार. द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटमध्ये गहू पेरायचे, नाताळपर्यंत हिरवेगार कोंब. वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण आत राहणारी मंडळी मात्र एका गावची नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला नवरा गोटीराम याने मूर्तींचा पूर्ण संच आणला होता. पुढे मांजरं झाली, पोरं झाली, भाड्याची घरं बदलली, आणि एकेक मूर्ती फुटत गेली. फुटली की कुसाबाई बाजारात जे मिळेल ते आणून तिच्या जागी उभं करत. आताचा योसेफ हा दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा होता. त्याची तलवार मोडून हातात काडेपेटीची काडी दिलेली. मरिया म्हणजे मुळात गवळण. डोक्यावरची घागर काढून टाकली, पण ती धरायला वर केलेला हात तसाच राहिला, त्यामुळे ती रिक्षा थांबवत असल्यासारखी दिसायची. बैल पोळ्याचा. उंटाच्या जागी डायनासोर. तीन राजांपैकी एक जण पॅड बांधलेला, हेल्मेट घातलेला फलंदाज होता.

"लांबनं आलाय तो," कुसाबाई सांगत. "उन्हातान्हाचा प्रवास. हेल्मेट नको?"

पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. जुन्या संचातलं एकटं येशूबाळ तेवढं उरलं होतं, नाक झिजून सपाट झालेलं.

यंदा गुडघ्यांनी सांगून टाकलं, बाई, आता जमिनीवर बसणं बंद. तेव्हा कुसाबाईंनी ठरवलं की गोठा नातीच्या हातात द्यायचा. आरोही मोठ्या शिशूत होती. तिच्या हाताला एकदा वळण लागलं की आपल्यामागेही गोठा राहील. नाहीतर डोळे मिटल्याबरोबर मावळा आणि गवळण भंगारवाल्याच्या पोत्यात जाणार, यात त्यांना शंका नव्हती. आजी-नातीने मिळून कागद चुरगळला, गेरू फासला, थोडा एकमेकींच्या नाकालाही फासला. सगळं रीतसर चाललं होतं.

तेवढ्यात पुण्याहून विहीण आली.

सरोजिनीबाई म्हणजे सून मोहिनीची आई. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. साडीला चुणी नाही, बोलण्याला खळगा नाही. त्यांनी ओट्यावर खोका ठेवला आणि बबल रॅप उलगडायला लागल्या.

"आरोहीसाठी गोठ्याचा सेट आणलाय, योसेफ, मरिया आणि बाळ. मुलांना जरा खरं काय ते कळायला हवं हो."

त्यातलं 'खरं' कुसाबाईंना मिरचीच्या ठसक्यासारखं लागलं. त्यांनी नवा योसेफ उचलून उजेडात धरला. गुलाबी गाल, निळे डोळे, झग्याला सोनेरी काठ.

"हा सुतार?"

"हो."

"विहीणबाई, याच्या हाताला घट्टा तरी हाय का? बँकेतला साहेब वाटतो. रंधा दिला तर पाठ खाजवील त्याने."

"आणि तुमच्या योसेफच्या पाठीला ढाल आहे, कुसाताई."

"ढाल नाय ती. ताट हाय. जेवणाचं. कामावर चाललाय माणूस."

"आणि ती मरिया हात वर करून काय करतेय?"

"आशीर्वाद देतीय. ज्यांना दिसतो त्यांना दिसतो."

आत मोहिनीने दोन्ही आयांचे आवाज ऐकले आणि मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं.

त्याच वेळी राकेश, कुसाबाईंचा मुलगा, अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून दारात आला. दोघींनी त्याला तिथेच अडवलं. कुठला योसेफ ठेवायचा, आत्ता सांग.

"आई, मी नाइट करून आलोय," राकेश भिंतीला टेकून म्हणाला. "मला एवढंच कळतं, एक आला की दुसरा सुटतो. एका मशीनवर दोघं कशाला?" आणि बुटासकट जाऊन झोपला.

आज्यांना त्यातलं काही कळलं नाही. आरोहीला सगळं कळलं.

दुपारी तिने गोठा मांडला. कुसाबाई खुर्चीवरून बघत होत्या, सरोजिनीबाई वेताच्या मोड्यावरून. पुण्याचे योसेफ-मरिया गोठ्यात उभे राहिले. मावळा आणि गवळण गेली डोंगरामागे, आडवी. कुसाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. इतकी वर्षं उभा असलेला माणूस, आणि पहिल्याच दिवशी आडवा!

"आरू, आपला योसेफ गं?"

"झोपलाय."

"का?"

"त्याची नाइट आहे. हा फर्स्ट शिफ्टचा योसेफ. तो नाइटचा."

सरोजिनीबाईंच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

"आपल्यालाच नाइट का म्हणून?" कुसाबाईंनी आवाज चढवला. "रात्री कोण बघायला येतं?"

"त्याच्याकडे काठी आहे ना. चोर आला तर?"

"आणि बाळं? दोन-दोन बाळं कशी?"

"बाळांना कुठे ड्यूटी असते, आजी? ती पाळणाघरात." आरोहीने इडलीपात्राचं भांडं पुढे केलं. एका खळग्यात पुण्याचं बाळ, एका खळग्यात नाशिकचं, दोघांवर कापसाची दुलई.

"आणि हे तीन राजे?"

"ते साहेब आहेत. ते कधीही येतात."

संध्याकाळी दिवे लागले तशी आरोही ओट्यावर उभी राहून, छाती भरून ओरडली, "भोंऽऽऽ!" भोंगा झाला. पुण्याचे सुटले, मावळा कामावर हजर झाला. शेजारच्या लताबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या. त्यांचा नवरा अशाच एका कंपनीतून निवृत्त झालेला.

"कुसाबाई, ओव्हरटाइम मिळतो का गं तुमच्या योसेफला?"

"तू मेथी निवड," कुसाबाई म्हणाल्या.

पण आरोहीने ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाइमला एक शंकरपाळं असा दर ठरला. योसेफ खात नसल्यामुळे ते सुपरवायझर आरोहीच खायची.

खरी गंमत पुढेच झाली. शिफ्ट हा शब्द कानावर पडताच सरोजिनीबाईंमधली मेट्रन जागी झाली. म्हणाल्या, असं नुसतं जायचं-यायचं नसतं. ड्यूटी बदलताना चार्ज द्यावा लागतो. बाळ किती रडलं, दूध किती प्यालं, ताप आहे का, सगळं पुढच्या माणसाला सांगायचं. मग रोज दिवेलागणीला दोघी विहिणी गोठ्यासमोर बसायला लागल्या. एकीच्या हातात पुण्याची मरिया, दुसरीच्या हातात गवळण.

"बाळाने दुपारी दूध काढलं," पुण्याची मरिया सरोजिनीबाईंच्या आवाजात म्हणाली. "उजव्या कुशीवर ठेवावं."

"आमच्या मरियेला शिकवू नका. गोठ्यात बाळंत झालीय ती."

"आमचीही गोठ्यातच झालीय, कुसाताई."

"तुमची बबल रॅपमध्ये झालीय."

"हात धुतलेत का तिने?"

"एक हात वरच असतो तिचा. मळणार कुठनं?"

मोहिनीचा मिक्सर त्या आठवड्यात दोनदा जळता जळता वाचला.

हे सगळं कुसाबाईंनी चालवून घेतलं, पण त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. नाताळच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट कुणाची? त्या दिवशी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, सुटल्यावर गल्ली येते, फादर येतात, गोठ्याला आशीर्वाद देतात. त्या वेळी जो आत उभा असेल तोच त्रिभुवनांच्या घरचा योसेफ. एकदा पुण्याचा उभा राहिला की पुढच्या वर्षी मावळ्याला कोण विचारतंय? माळ्यावर, आणि तिथून पोत्यात.

म्हणून आदल्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला कोपऱ्यात गाठलं. हातात ओल्या खोबऱ्याची करंजी, अजून गरम.

"आरू, उद्या आपल्या योसेफला फर्स्ट दे."

आरोहीने करंजी संपवली, बोटं चाटली. "बघू."

थोड्या वेळाने सरोजिनीबाई तिला अंगणात घेऊन गेल्या आणि चॉकलेटचा कागद वाजला. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. सुपरवायझर मंडळी सगळीकडे सारखीच. तरी दोघींना मनातून खात्री होती, की उद्या आपलेच.

नाताळच्या सकाळी मिस्सेहून आल्यावर ओटा माणसांनी भरून गेला. गोठ्यावर मोहिनीची ओढणी पडद्यासारखी टाकलेली. चर्चला नवेच आलेले तरुण फादर पवित्र पाणी घेऊन पुढे झाले. कुसाबाईंनी पदर सारखा केला. सरोजिनीबाईंनी चष्मा पुसला.

आरोहीने ओढणी ओढली.

गोठा रिकामा होता. पोळ्याचा बैल आणि डायनासोर तेवढे समोरासमोर उभे.

फादर वाकून डायनासोरकडे बघत राहिले. डायनासोर त्यांच्याकडे.

"आरोही," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, "सगळे कुठे आहेत?"

"आज सुट्टी आहे," आरोही म्हणाली. मोठ्या माणसांना एवढंही कळू नये, असा चेहरा. "नाताळ आहे ना! पप्पांच्या कंपनीला पण आहे."

"आणि बाळ?" फादरांनी विचारलं.

"पाळणाघर पण बंद."

"मग हा बैल?"

"जनावरांना सुट्टी नसते. दूध कोण देणार?"

बैल दूध देत नाही, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. मागे लताबाईंनी तोंडात पदर कोंबला. कुसाबाईंच्या कानशिलातून वाफा निघाल्या. आख्ख्या गल्लीसमोर, नव्या फादरसमोर रिकामा गोठा! त्या तरातरा आतल्या खोलीकडे निघाल्या, त्यांच्यामागे सरोजिनीबाई, त्यांच्यामागे फादर, त्यांच्यामागे सगळी गल्ली.

पलंगावर राकेश रात्रपाळीवरून येऊन मेल्यासारखा झोपला होता. त्याच्या कडेला ओळीने सगळे निजवलेले, गोधडी गळ्यापर्यंत. पुण्याचा योसेफ, मावळा, दोन्ही मरिया, तिन्ही राजे. गवळणीचा हात गोधडीतून वर आलेला. फलंदाजाचं हेल्मेट झोपताना काढता येत नसल्यामुळे त्याला उशी दिली नव्हती. दोन्ही बाळं राकेशच्या छातीवर, त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

मावळा कडेलाच होता. कुसाबाईंना नुसता हात लांबवायचा होता. पटकन उचलायचा, गोठ्यात नेऊन उभा करायचा, फादर आहेतच. विहिणीलाही तेच सुचलं असावं, कारण तिचाही हात पुढे आला.

"शूऽऽ," आरोही ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "उठवू नका. आठवडाभर काम केलंय त्यांनी."

आणि तिने गोधडीची कड मावळ्याच्या पायाखाली खोचली. कुसाबाई रोज तिच्या पायाखाली खोचतात, अगदी तशीच, दोनदा दाबून.

कुसाबाईंचा हात वळला आणि त्याने विहिणीचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाय कुणी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा दबक्या आवाजात म्हणाल्या. "ड्यूटी करून आलेत."

"मग आशीर्वाद?" फादर गोंधळले.

"इथंच द्या. हळू बोलून द्या."

फादरांनी कुजबुजत प्रार्थना म्हटली. गल्लीने हात जोडले. पवित्र पाण्याचे थेंब मूर्तींवर पडले तसे राकेशच्या तोंडावरही पडले. त्याने डोळे उघडले. डोक्याशी पांढऱ्या झग्यातले फादर, पायाशी हात जोडून उभी असलेली गल्ली, सगळ्यांच्या माना खाली.

"आई!" तो किंचाळला. "मला काय झालं?"

"काही झालं नाय. हलू नको. बाळं पडतील."

तो हलला नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला हलताच आलं नाही, कारण दर्शनाची रांग पलंगाच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जात होती. एका म्हातारबाबांनी जाता जाता त्याच्या पायालाही हात लावून नमस्कार केला. मोहिनीने त्याला झोपल्या झोपल्या करंजी भरवली.

उशाशी कुसाबाई उभ्या होत्या, पायथ्याशी सरोजिनीबाई. येणाऱ्याला कोण कुठल्या शिफ्टचा ते सांगत होत्या. एका बाईने मावळ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. कुसाबाईंनी कान टवकारले.

"तो नाशिकचा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "जरा रांगडा आहे. पण पाय घट्ट रोवून उभा राहतो हो. आमचा सारखा लवंडतो."

कुसाबाईंनी थोडा वेळ ते तोंडात घोळवलं. मग त्या पलंगाला वळसा घालून विहिणीजवळ गेल्या.

"लवंडायचाच. नवा हाय अजून. उद्या फर्स्ट तुमच्यालाच द्या. रात्रीचा गारठा लय असतो, गुलाबी माणूस, सर्दी होईल. नाइट आमचा करील."

"किती दिवस?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "की पुढच्या वर्षीपण?"

"ते मला काय विचारता?" कुसाबाई म्हणाल्या. "आरोहीला विचारा. गोठ्याचं आता तीच बघते."