जवसाचा खरा धनी

गावात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, अगदी तिच्या नवऱ्यासकट. मनात आलं की धाडकन बोलून मोकळी व्हायची. तेरा वर्षं ती दातांच्या डॉक्टरांची चार एकर जमीन खंडानं कसत होती. डॉक्टर शहरात राहायचे. शेताचा बांध त्यांनी कधी ओलांडला नव्हता; खंड तेवढा वेळेवर घ्यायचे.

एका सकाळी त्यांचा फोन आला.

“मावशी, उद्या सरकारी तपासणी आहे. पिकाच्या अनुदानाची. अर्ज माझ्या नावावर जातो ना, म्हणून मी येतोय.”

“कसलं अनुदान?”

“असतं थोडंफार. बाबांच्या वेळेपासून येतं. तुम्ही एवढंच सांगा, की तुम्ही इथं मजुरीला आहात.”

फोन ठेवल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बियाणं आपण आणायचं, कंबर आपली मोडायची आणि सरकारचे पैसे दात उपटणाऱ्याला!

“उद्या बघतेच त्याला,” ती म्हणाली.

नवरा घाबरला. “जमीन त्याची आहे. उद्या काढून घेतली तर? एक दिवस तोंडाला कुलूप लाव, बाई.”

रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, गप्प राहायचं.

दुसऱ्या दिवशी शेतात जवस गुडघ्यापर्यंत निळ्या फुलांनी भरून आला होता. डॉक्टर चकचकीत बूट घालून आले आणि बघतच राहिले. मागून तपासणीच्या मॅडम आल्या, वही काखेत मारून.

“पीक कोणतं?”

डॉक्टरांनी तोफेकडे पाहिलं. तोफ आभाळाकडे बघत होती.

“फुलं,” डॉक्टर म्हणाले.

“फुलं. बरं. पेरणी कधी केलीत?”

“गेल्या... गेल्या आठवड्यात?”

तोफेनं हसू दाबायला गाल चावला. मॅडमनी पेन खाली केलं आणि तिच्याकडे वळल्या. “तुम्ही कोण?”

गप्प राहायचं तिनं ठरवलं होतं, पण विचारल्यावर खोटं बोलायचं काही ठरवलं नव्हतं.

“मी इथं मजुरीला आहे, असं सांगायला मला सांगितलंय,” ती म्हणाली.

मॅडमना खोकला आला. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. तोफेला वाटलं, गेली आता जमीन हातची! डॉक्टर खाली बघून बुटानं ढेकूळ फोडत राहिले.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “शेती ह्याच करतात. तेरा वर्षं. मी आज पहिल्यांदा आलोय. खरं सांगतो, हे जमीनमालकाचं मानधन असतं, असंच मी सोयीनं धरून चाललो होतो. विचारायची तसदी कधी घेतली नाही.”

“कसेल त्याला मिळतं,” मॅडम म्हणाल्या. “मागचं काय करायचं ते वरचे ठरवतील, तुम्हाला बहुतेक परत भरावं लागेल. पुढचं यांच्या नावावर करायचं, तर तुमची संमती लागेल.”

डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. तोफेनं तो कागद दोनदा वाचला.

“आणि खंड? तो वाढवणार असाल तर आत्ताच सांगा.”

“नाही वाढवत. तेही लिहून देतो,” डॉक्टर म्हणाले, आणि खरोखरच लिहून दिलं.

दोन महिन्यांनी तिच्या नावानं सरकारी पत्र आलं. रकमेच्या आधी तिची नजर वरच्या ओळीवर गेली. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतकरी’ छापलेलं होतं. आजवर प्रत्येक कागदावर ती ‘गृहिणी’च होती. नवऱ्याला तिनं ती ओळ तीनदा मोठ्यानं वाचून दाखवली.

“ऐकलं गं, ऐकलं! शेजाऱ्यांनीही ऐकलं,” तो म्हणाला.

मग पुढच्या पेरणीनंतर एका रविवारी डॉक्टर खुरपं घेऊन हजर झाले. म्हणे, शिकायचंय. तासाभरानं ती बघायला गेली, तर पठ्ठ्यानं तण तसंच ठेवून जवसाची अख्खी ओळ उपटली होती.

तोफ धडाडली. डॉक्टर मात्र चिखलात बसून पोट धरून हसत होते. मग तीही हसत त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि जवसाचं एक रोप हातात धरून म्हणाली, “हे बघा डॉक्टरसाहेब, ह्याला हात लावायचा नाही.”